ममदापूरची हरणे जगवताना: पाणवठा, शेततळे आणि पाडस

नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेला, येवला तालुक्यात, ममदापूर, राजापूर आणि आसपासच्या गावांतील सुमारे ५४ चौरस किलोमीटर क्षेत्र २०१४ मध्ये काळविटांसाठी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाले. गावात सगळे त्यांना हरणेच म्हणतात. या क्षेत्राला कुंपण नाही. सकाळी वनखात्याच्या माळावर दिसणारा कळप संध्याकाळी कुणाच्या तरी हरभऱ्यात असतो, आणि म्हणून त्याची निगा राखण्याचे निम्मे काम शेतकऱ्यांकडेच येते.

उन्हाळ्यात पहिली गरज पाण्याची असते. पाणवठा बशीसारखा उथळ, उतरत्या काठाचा आणि खरबरीत तळाचा असावा, म्हणजे पाडसाचाही खूर घसरत नाही. काळवीट डोळ्यांच्या भरवशावर जगणारा प्राणी आहे, त्यामुळे ज्या झुडपाआड लांडगा किंवा कुत्रा दबा धरू शकेल अशा ठिकाणी बांधलेल्या पाणवठ्यावर तो तहानेने व्याकूळ असूनही उतरायला कचरतो. जागा उघडी आणि रस्त्यापासून दूर निवडावी. कळप जवळ नसताना टँकर आणावा आणि साचलेले शेवाळ दर आठवड्याला खराट्याने घासून काढावे. गुरांच्या पाण्याची सोय वेगळी ठेवावी व त्यांना लाळ्या-खुरकुताची लस वेळेवर टोचून घ्यावी, कारण हा रोग हरणांनाही होतो.

पाणवठा कोरडा पडला की हरणे शेततळ्याकडे वळतात, आणि माझ्या मते आज त्यांना सर्वांत मोठा धोका तिथेच आहे. तळ्याचा प्लास्टिक कागद ओला झाला की त्यावर खूर टिकत नाही. प्राणी दोन पावले वर चढतो, पुन्हा घसरतो, आणि दमून बुडेपर्यंत हेच चालते. तळ्याभोवती तारेची जाळी लावावीच, शिवाय एका कोपऱ्यात काठावरच्या खुंटाला बांधलेली जाड दोरांची जाळी किंवा एकमेकांना जोडलेले जुने टायर पाण्यात सोडून ठेवावेत. तेवढ्या आधारावर प्राणी स्वतः वर येऊ शकतो.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही अशाच एका तळ्यातून एक मादी जिवंत काढली. अंगावर ओरखडाही नव्हता. भोवती बरीच माणसे जमली, कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी ओंजळीने पाणी पाजले, आणि मीही तिचे डोके मांडीवर घेऊन बसलो. तिच्या मागच्या पायांचे स्नायू सारखे थरथरत होते. तासाभराने तिने मान टाकली.

अशा मृत्यूच्या मुळाशी भीती आणि धडपड असते. जिवाच्या आकांताने धडपडताना स्नायूंत आम्ल साचते, स्नायू आतून तुटू लागतात, त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंडे आणि हृदय निकामी करतात, आणि वरवर धडधाकट दिसणारे हरीण काही तासांनी, कधी काही दिवसांनीही दगावते. म्हणून विहिरीत किंवा तळ्यात हरीण दिसताच वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि आधी गर्दी हटवावी. पाण्यात उडी मारू नये. चारही कोपऱ्यांना दोर बांधून बाज खाली सोडावी, म्हणजे पथक येईपर्यंत त्याला पाय टेकता येतात. बाहेर काढल्यावर नाकपुड्या मोकळ्या ठेवून डोळ्यांवर उपरणे टाकावे आणि पाय दुमडून, छाती टेकवून सावलीत बसवावे. रवंथ करणारा प्राणी कुशीवर पडून राहिला तर पोट फुगते आणि पोटातले श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याच कारणाने तोंडात पाणी ओतू नये. कुरवाळणे, फोटो काढणे, मोठ्याने बोलणे हे सगळे टाळावे.

पिकात शिरलेल्या कळपावर कुत्री सोडणेही याच कारणाने घातक आहे. नुकसानीचा पंचनामा करून भरपाईचा अर्ज द्यावा.

पाडसाबाबत मात्र चांगल्या मनाने केलेली चूकच अधिक होते. जन्मानंतरचे पहिले काही दिवस आई पाडसाला पवन्या-मारवेलच्या उंच गवतात लपवून चरायला जाते आणि पाजण्यापुरती परतते. ते हालचाल न करता एकटे बसलेले दिसले, म्हणजे पोरके झाले असे नव्हे. त्याला उचलू नये, गाईचे दूध पाजू नये. घरी पाळणे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे. कुणी उचलून आणलेच असेल तर वनरक्षकाला सोबत घेऊन त्याच दिवशी नेमक्या त्याच जागी ठेवावे आणि लगेच दूर निघून जावे, कारण माणसे दिसेनाशी होईपर्यंत आई त्या गवताकडे फिरकत नाही.