जुने सर, नवे सर: कॉलेजच्या हॉकी टीममध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

ज्या वर्षी तुम्ही कॉलेजच्या टीममध्ये आलात त्याच वर्षी कोचही नवा आला असेल, तर सुरुवातीला तुमच्या कानांवर एकच पालुपद पडत राहील: ‘जुन्या सरांच्या वेळी असं नव्हतं.’ वॉर्म-अप लांबला, कुणाची जागा बदलली, सामना हरलो, अगदी जिंकलो तरी हे वाक्य हजर. तुम्ही जुन्या सरांना पाहिलेलंही नसतं, त्यामुळे मान डोलावण्यापलीकडे काही करता येत नाही. मी दोघांच्याही हाताखाली लेफ्ट हाफला (फॉरवर्ड आणि फुलबॅकच्या मधली, डावीकडची जागा) खेळले. तेव्हा ही तुलना नेमकी कशाची होते आणि त्यातलं नव्या मुलामुलींच्या कामाचं काय, एवढंच इथे सांगते.

जुने सर बॉलवाले होते. सराव म्हणजे ट्रॅपिंग (येणारा बॉल स्टिकने अडवणं), ड्रिबलिंग (बॉल स्टिकला ठेवून पळणं), रिव्हर्स (स्टिक उलटी करून डाव्या बाजूला खेळणं), पुन्हा ट्रॅपिंग, आणि शेवटी दोन बाजू पाडून सामना. बॉल आपल्या स्टिकला असेल तर समोरचे गोल करणार कसे, हा त्यांचा साधा हिशोब. कागदावर आखलेलं सेशन त्यांच्या हातात कधी दिसलं नाही. जागांची नावंही जुनी: राइट-इन, लेफ्ट-आउट, सेंटर हाफ. तुमचं मनगट कसं वळतं ते बघून तुम्ही फॉरवर्ड होणार की फुलबॅक हे ते पहिल्या आठवड्यातच ठरवायचे, आणि एकदा ठरलं की ठरलं. अकरा जणींचा संघ जवळजवळ कायमचा. बाकीच्या बाकावर. ओरडायचे भरपूर, पण खेळ थांबवायचे नाहीत. चूक झाली तरी खेळत राहा, हात आपोआप शिकतो, असं त्यांचं मत.

नवे सर आले ते प्लॅस्टिकचे शंकू, बिब (बाजू ओळखायला वरून घालायची रंगीत बनियनं) आणि शिट्टी घेऊन. दर दोन-तीन मिनिटांनी शिट्टी, सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, आणि प्रश्न ठरलेला: बॉल तिकडे असताना तू इथे का आहेस? बॉल ज्या मुलीकडे आहे तिच्याकडे त्यांचं लक्षच नसायचं. बाकीच्या दहा जणी काय करताहेत हे ते बघायचे. आम्हाला सुरुवातीला हे फार चमत्कारिक वाटलं. दिवसभर कॉलेज करून मैदानावर यावं आणि बॉलला स्टिक लावायला आपला नंबर येण्याची वाट बघत उभं राहावं लागावं, हे कुणालाच रुचत नव्हतं.

फरक नीट कळायला माझ्याच जागेचं उदाहरण घेऊ. लेफ्ट हाफच्या अंगावर येते ती समोरच्यांची राइट-आउट, म्हणजे उजव्या कडेची फॉरवर्ड. ती रेषेला धरून पळाली की आपल्या डाव्या हाताला येते, म्हणजे आपल्या रिव्हर्सच्या बाजूला. आणि हॉकी स्टिकची एकच बाजू सपाट. त्यामुळे लेफ्ट हाफचं काम राइट हाफपेक्षा मुळातच अवघड. जुन्या सरांचा यावरचा उपाय म्हणजे रिव्हर्स टॅकल घोटून घोटून पक्का करणं. डावा हात एकट्याने स्टिक जमिनीलगत नेतोय, पुन्हा मागे, पुन्हा खाली. मनगट सुजेपर्यंत. नव्या सरांनी वेगळंच सांगितलं: टॅकल करायचीच नाही. आधीच अर्धं पाऊल रेषेच्या बाजूला सरकून उभं राहायचं, बाहेरची वाट बंद करायची, आणि तिला आत यायला लावायचं. आत आली की ती तुमच्या फोरहँडला, म्हणजे उजव्या हाताच्या बाजूला येते आणि तिथे सेंटर हाफ उभी असते. यात तुमचं कौशल्य दिसत नाही. टाळ्या पडतात त्या बॉल हिसकावणाऱ्या सेंटर हाफला. पण अर्धं काम तुम्ही उभ्या कुठे राहिलात यातच झालेलं असतं.

उलट बॉल आमच्या उजव्या बाजूला असेल तर लेफ्ट हाफने रेषा सोडून मध्यात यायचं. समोरची राइट-आउट पलीकडे मोकळी सुटली तरी चालेल. तिच्यापर्यंत लांब पास पोचेपर्यंत आपल्याला परत फिरायला वेळ मिळतो. धोका फक्त एरियलचा, म्हणजे हवेतून उंच टाकलेल्या पासचा, आणि एरियल अचूक टाकणारे खेळाडू कॉलेजच्या पातळीवर थोडेच असतात. आमचा हाफ-कोर्ट प्रेसही (बॉल समोरच्यांकडे असताना सगळ्यांनी मिळून दबाव आणून तो हिसकावणं) याच विचारावर बेतला होता. समोरच्यांना त्यांच्या डाव्या बाजूने खेळायला भाग पाडायचं, कारण तिथे आमच्या राइट हाफचा फोरहँड रेषेच्या बाजूला असतो आणि बॉलवालीला आत पास द्यायला जागा उरत नाही. जुन्या सरांच्या वेळी प्रेस नव्हता असं नाही. पण तेव्हा जिला वाटेल ती धावायची आणि मागे भगदाड पडायचं.

हा सगळा स्वभावाचा प्रश्न आहे असं सीनियर समजतात. मला तो बराचसा नियमांचा वाटतो. जुने सर ज्या हॉकीत वाढले तिथे 35 मिनिटांचे दोन हाफ होते, बदली खेळाडूंवर मर्यादा होती, ऑफसाइड (बॉलच्या पुढे, समोरच्यांच्या गोलजवळ जाऊन थांबण्यावरचं बंधन) होता. अमर्याद बदली 1992 च्या सुमारास आली, ऑफसाइड 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात गेला, फ्री हिट स्वतःच घेऊन पळता येण्याची सोय म्हणजे सेल्फ पास 2009 मध्ये. आणि आता 15 मिनिटांचे चार क्वार्टर. त्याआधीच 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम टर्फने गवताची जागा घेतली होती. गवतावर बॉल उड्या घेत यायचा, तो ज्याला नीट अडवता आला तोच खेळाडू. टर्फवर बॉल सरळ येतो पण वेगाने, त्यामुळे अडवण्याइतकंच अडवायच्या आधी मान वर करून बघणंही महत्त्वाचं झालं. दोन्ही सर आपापल्या हॉकीपुरते बरोबर होते.

नव्यांना सगळ्यात जास्त फटका बसतो तो बदलीच्या बाबतीत. जुन्या सरांनी बाहेर बोलावलं म्हणजे तुमचं काहीतरी चुकलं. मुली रडवेल्या होऊन बाकावर बसायच्या. नवे सर फॉरवर्डना पाच-सात मिनिटांनी बाहेर काढतात, थोडा दम घेऊ देतात आणि परत आत पाठवतात. प्रेस करायचा तर पाय ताजे हवेत. ही शिक्षा नाही. तरीही जुन्या सवयीने बाहेर आल्यावर स्टिक आपटणाऱ्या मुली मी पाहिल्यात, आणि पुढच्या फेरीत त्यांचा नंबर उशिरा लागलेलाही पाहिलाय. बाहेर आलात की पाणी प्या आणि तुमच्या जागी गेलेली मुलगी काय करतेय ते बघा. एक बारकावा लक्षात ठेवा: पेनल्टी कॉर्नर (सहसा गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, म्हणजे ‘डी’त, बचावाकडून फाउल झाल्यावर मिळणारी खास संधी) मिळाला की तो संपेपर्यंत बदली करता येत नाही. दम लागला असेल तर त्याआधीच हात वर करायचा.

मोठ्या पातळीवरही हेच चित्र दिसतं. भारताच्या पुरुष संघाने टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं ते ग्रॅहम रीड कोच असताना: जर्मनीविरुद्ध 1-3 ने मागे पडून 5-4 असा विजय. जानेवारी 2023 च्या विश्वचषकात संघ नवव्या स्थानावर राहिला आणि रीड यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी क्रेग फुल्टन आले. आधी बचाव घट्ट, मग बाकीचं, ही त्यांची ओळख. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुन्हा ब्राँझच, पण स्पेनविरुद्ध 2-1 असं. त्याआधी ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला 17 व्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं, संघ उरलेला सगळा वेळ दहा जणांनिशी खेळला, 1-1 बरोबरी टिकवली आणि शूटआउट जिंकला. एकाच रंगाची दोन पदकं, पण चेहरा किती वेगळा. आणि दोन्ही वेळा संघात श्रीजेश, मनप्रीत, हरमनप्रीत, हार्दिक होतेच. मग फुल्टन यांच्या यशात रीड यांचा वाटा किती? तो मोजून काढणं कठीण आहे, पण शून्य नक्कीच नाही. (कोचची अदलाबदल पाहायची असेल तर 2018 आठवा: तेव्हा शोर्ड मरीन्ये पुरुषांकडून महिलांकडे गेले आणि हरेंद्र सिंग महिलांकडून पुरुषांकडे.)

आमच्याकडेही तसंच झालं. नव्या सरांच्या पहिल्या हंगामात आम्ही बऱ्यापैकी जिंकलो आणि सगळे म्हणाले, बघा, कोच बदलला की टीम बदलते. मला ते तेव्हाही अर्धवटच वाटलं. प्रेस करून बॉल मिळवणं नव्या सरांनी शिकवलं, हे खरं. पण मिळालेला बॉल तीन जणींच्या घोळक्यातून बाहेर काढणारे हात जुन्या सरांचे होते. त्या सीनियर पास होऊन गेल्या आणि फक्त नव्या सरांच्या तालमीत तयार झालेल्या मुली आल्या, तेव्हा उणीव दिसायला लागली. उभं कुठे राहायचं हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं कळायचं, पण पहिलाच स्पर्श दोन फूट लांब जायचा. शिवाय शिट्टीची इतकी सवय झालेली की अंगावर घेऊन ड्रिबल करायला कुणी धजेना. पाच यार्डांचे पास, मग मागे पास, मग पुन्हा पाच यार्डांचे. बघणाऱ्याला झोप यावी असे सामनेही आम्ही खेळलो.

माझी निवड विचाराल तर सामना कसा खेळायचा हे मी नव्या सरांकडून शिकले, स्टिक कशी धरायची ते जुन्या सरांकडून. डिफेन्समधल्या मुलीला नवे सर आवडणारच. आमची लेफ्ट-आउट अजूनही म्हणते की नव्या सरांनी तिच्यातली मजा काढून टाकली. तीही खोटं बोलत नाही.

आता तुमच्या कामाचं. कोच नवा असणं हे नव्या खेळाडूच्या फायद्याचंच असतं. जुन्या सरांच्या मनातले अकरा जण त्यांच्याबरोबर गेले, नव्या सरांच्या मनात अजून कुणीच पक्कं नाही. सीनियर नाराज असतात ते याच कारणाने. त्यांच्या नाराजीत सामील व्हायची गरज नाही, त्यांना उलटं बोलायचीही नाही. दोन आठवडे सर काय मोजतात ते बघा. तोंडाने ते ‘शिस्त’ आणि ‘मेहनत’ असंच म्हणतील, सगळेच कोच म्हणतात. पण ते खेळ नेमका कधी थांबवतात, शाबासकी कशाला देतात, सामन्यानंतर वहीत काय लिहितात, यातून खरी यादी कळते. जुने सर गोल आणि चुकलेले ट्रॅप लक्षात ठेवायचे. नवे सर बॉल गमावल्यावर कोण मागे पळालं ते लिहायचे. आणि कार्डं. हिरव्या कार्डाला दोन मिनिटं बाहेर, पिवळ्याला किमान पाच. सगळा खेळ जागेवर उभं राहण्याचा असेल तर एक जण कमी पडली की साखळी तुटते, म्हणून अंपायरशी वाद घालणारी मुलगी कितीही चांगली खेळत असली तरी त्यांच्या यादीतून खाली घसरायची.

मैदानात बोलायला शिका. लाजू नका. मागे उभ्या असलेल्यांना सगळं मैदान दिसतं. ‘डावीकडे’, ‘मागे आहे’, ‘थांब’ एवढे शब्दही पुरतात. नव्या पद्धतीच्या कोचना गप्प बसणारा डिफेंडर चालत नाही, आणि पहिल्या वर्षाच्या मुली सीनियरना ओरडून सांगायला कचरतात. खेळताना ताई म्हटलं नाही तरी कुणी रागावत नाही.

जागा बदलली तर लगेच सरांकडे धावू नका, पण महिनाभर कुढतही बसू नका. सराव संपल्यावर, बाकीच्या निघाल्यावर, एकच प्रश्न विचारा: या जागेवर माझ्याकडून काय हवंय? ‘मला का काढलं’ असं विचारलं की उत्तर बचावाचं येतं, हा प्रश्न विचारला की कामाचं येतं.

जुने सर मैदानावर अधूनमधून येतातच. आले की भेटा, स्टिकचा हात दाखवा, रिव्हर्स बघून घ्या. त्यांच्याइतका वेळ त्यासाठी नवे सर देणार नाहीत. फक्त ते शिकलेलं सरावात करून दाखवा, ‘जुने सर असं सांगतात’ असं तोंडाने म्हणू नका.

आणि संघात लवकर शिरायचं असेल तर पेनल्टी कॉर्नरकडे बघा. नवा कोच आला की कॉर्नरची टोळी नव्याने जमवतो. ड्रॅग फ्लिक (बॉल स्टिकने ओढत नेऊन गोलकडे भिरकावणं) सगळ्यांनाच मारायची असते, त्या रांगेत उभं राहून वर्ष जाईल. गोलच्या बाजूच्या बॅकलाइनवरून बॉल आत ढकलायला मात्र कुणी पुढे येत नाही. तो पुश सपाट, वेगात आणि दर वेळी त्याच जागी गेला पाहिजे, कारण बॉल आधी डीच्या बाहेर गेल्याशिवाय गोल करता येत नाही आणि तोवर बचावातली रशर (बॉलवर धावून येणारी) निम्म्या वाटेवर आलेली असते. याला उंची लागत नाही, ताकदही फार लागत नाही, आणि सरावाला एक कोपरा, एक बॉल आणि समोर ट्रॅप करायला एक मैत्रीण पुरते. बचावाच्या बाजूलाही तेच: गोलकीपर धरून पाचच जणी मागे असतात, आणि मास्क लावून पहिली धावत सुटणारी रशर व्हायला स्वतःहून तयार होणाऱ्या मुली सापडत नाहीत. आमच्या टीममध्ये पहिल्या वर्षाची एक मुलगी दुसऱ्या कुठल्याच जागेसाठी तयार नसताना निव्वळ तिच्या पुशमुळे प्रत्येक सामन्याच्या यादीत होती. बाकीचं हॉकी ती नंतर शिकली.