बेटावरची वीज : मालदीवला निघालेल्या इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी

मालदीवमध्ये रिसॉर्टवर इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून जायचं डोक्यात असेल, तर एक गोष्ट आधीच पक्की करा. तिथे तुमच्या पाठीशी महावितरण नसतं. देशभर पसरलेली ग्रीडच नाही. माले भागात स्टेल्को ही वीज कंपनी, लांबच्या वस्तीच्या बेटांवर फेनाका ही दुसरी, आणि रिसॉर्ट असेल तर ज्याचं बेट त्याचं पॉवरहाऊस. आपल्या घारापुरीला २०१८ साली समुद्राखालून केबल गेली आणि जनरेटरच्या भरवशावरचे दिवस संपले. मालदीवच्या रिसॉर्टवर ते दिवस संपत नाहीत. डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, बसला की पाणीही बसतं, कारण गोडं पाणी समुद्राचं पाणी गाळणाऱ्या आरओ प्लँटमधून येतं.

घाबरू नका. आयटीआय किंवा डिप्लोमा मन लावून केलेल्याला जमणारं काम आहे. व्होल्टेज आपल्याच ओळखीचं, २३०/४०० व्होल्ट, ५० हर्ट्झ. बहुतेक ड्रॉइंगवर बीएस ७६७१, म्हणजे वायरिंगचं ब्रिटिश स्टँडर्ड, लिहिलेलं दिसेल, सॉकेट १३ अँपियरचे चौकोनी पिनांचे, प्लगमध्येच फ्यूज. हे आठवड्यात अंगवळणी पडतं.

रंगांचं मात्र तसं नाही. आपल्याकडे लाल-पिवळा-निळा फेज आणि काळा न्यूट्रल. ब्रिटिशांनी २००४ साली रंग बदलले : तपकिरी, काळा, करडा हे फेज आणि निळा न्यूट्रल. जुनं काम आणि नवं काम एकाच पॅनेल रूममध्ये शेजारीशेजारी असतं. म्हणजे एका पॅनेलमधला निळा जिवंत आणि दुसऱ्यातला न्यूट्रल. सवयीने काळ्याला हात लावणारा माणूस मरतो. रंग बघून काम करायचंच नाही, मीटर लावून करायचं.

आता मला ज्याने सगळ्यात जास्त छळलं ते. स्टाफ क्वार्टर्सना सोलर, बॅटरी आणि पाच केव्हीएचा सिंगल फेज इन्व्हर्टर होता. दिवसा इन्व्हर्टर, संध्याकाळनंतर डीजी. मध्ये सोर्स बदलणारा डबल पोल चेंजओव्हर स्विच, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो. आरसीसीबी म्हणजे करंट अर्थमध्ये गळला की सप्लाय तोडणारा स्विच. डीजीवर असताना ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीला टेस्टर (मुद्दाम तेवढा करंट अर्थमध्ये सोडणारा) लावला की तो तत्काळ पडायचा. इन्व्हर्टरवर घेतला की ढिम्म. वर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं की टक्कन पडतो! साहजिकच सगळ्यांचा निकाल एकच : टेस्टर बिघडलाय.

मल्टिमीटर लावला. फेज-न्यूट्रल २३०. फेज-अर्थ ११८. न्यूट्रल-अर्थ ११२. निऑनचा टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत मिणमिणत होता. एकाने अर्थिंग खराब म्हणून आणखी रॉड ठोकायला लावले. कोरलच्या कोरड्या वाळूत रॉडचा रेझिस्टन्स जास्त येतोच, पण इथे शंभर रॉड ठोकले असते तरी आकडा हलला नसता.

कारण समजून घ्या, इथे घाई करू नका. लीकेज करंट फेजमधून अर्थमध्ये गेला, तर त्याला परत फिरून सोर्सकडेच यायचं असतं. ती परतीची वाट म्हणजे सोर्सपाशी न्यूट्रल आणि अर्थ यांना जोडणारी लिंक. पॉवरहाऊसमध्ये डीजीचा स्टार पॉइंट, म्हणजे जिथून न्यूट्रल निघतो तो बिंदू, अर्थ केलेला असतो, म्हणून डीजीवर सगळं व्यवस्थित. चेंजओव्हर फिरला की डीजीचा न्यूट्रल तुटला आणि त्याच्याबरोबर ती लिंकही गेली. इन्व्हर्टरचं आउटपुट तरंगतं राहिलं, म्हणजे अर्थशी कुठेच जोडलेलं नाही. आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे मीटरला साधारण निम्मं-निम्मं व्होल्टेज दिसतं, एवढंच. लीकेजला परतायला वाट नाही, करंट वाहत नाही, मग आरसीसीबीला फरक दिसणार कुठून? आणि बटण का चालतं? कारण बटण अर्थला विचारतच नाही. ते आतल्या रेझिस्टरमधून एका बाजूचा फेज दुसऱ्या बाजूच्या न्यूट्रलला जोडतं. बटण म्हणजे आरसीसीबी यांत्रिकदृष्ट्या शाबूत आहे याची खात्री, माणूस वाचेल याची नाही.

उपाय : प्रत्येक सोर्सला स्वतःची न्यूट्रल-अर्थ लिंक, आणि एका वेळी सर्किटमध्ये एकच. ती आरसीसीबीच्या आधी, सोर्सच्या बाजूला. चेंजओव्हरच्या पुढे, लोडच्या बाजूला कुणी कायमची लिंक टाकली, तर डीजीवर असताना दोन लिंक होतात, न्यूट्रलचा करंट अर्थच्या तारेतून फिरायला लागतो आणि वरचे आरसीसीबी कारण नसताना पडतात. काही हायब्रिड इन्व्हर्टरमध्ये हे काम आतला रिले करतो. मॅन्युअलमध्ये ग्राउंड रिले शोधा आणि सेटिंग चालू आहे का ते बघा. कागदोपत्री हे सगळं बीएस ७६७१ च्या ५५१ व्या सेक्शनमध्ये, जनरेटिंग सेटवर, मिळेल.

‘तरंगतं असलं तर शॉकच लागणार नाही, चांगलंच की,’ असं सांगणारा सीनियर तुम्हाला भेटेल. बहुधा मर्चंट नेव्हीतून आलेला. जहाजावर न्यूट्रल मुद्दाम अर्थ करत नाहीत, पहिल्या फॉल्टला स्टिअरिंग गिअर बंद पडू नये म्हणून. पण तिथे पहिला फॉल्ट झाल्याचं सांगणारा इन्सुलेशन मॉनिटर असतो आणि त्याकडे बघणारा माणूस असतो. क्वार्टर्समध्ये पहिला फॉल्ट गुपचूप बसून राहतो, दुसरा कुणाच्या तरी हातातून जातो. जहाजवाल्यांकडून मशीनची काळजी घ्यायला शिका, त्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. अर्थिंग त्यांच्याकडून शिकू नका.

दुसरं, थोडक्यात. पाच केव्हीए म्हणजे जेमतेम २२ अँपियर, क्षणभर दुप्पट. शॉर्टला सप्लाय तोडणारा ३२ अँपियरचा सी-कर्व्ह एमसीबी तत्काळ पडायला किमान पाचपट, म्हणजे १६० अँपियर लागतात. शॉर्ट झाला तर एमसीबी बघत बसणार आणि इन्व्हर्टर हात वर करणार. लहान रेटिंगचा, बी-कर्व्ह (कमी करंटला पडणारा) घ्या. बॅटरीकडे एसीचा एमसीबी लावायचा नाही, डीसीचा आर्क तो तोडू शकत नाही.

वॉटर व्हिलांच्या जेटीवरून लांब केबल जाते. खासगी सप्लायला बीएस ७६७१ व्होल्टेज ड्रॉप लाइटिंगला ६ आणि बाकीला ८ टक्के चालवून घेतं, सार्वजनिक सप्लायला ३ आणि ५. मी तरी ५ च्या वर जात नाही. एअर कंडिशनरचे कॉम्प्रेसर सुरू होतात तेव्हा ती सूट कुठे जाते ते दिसतं.

अभ्यासाला आपलं अर्थिंगचं स्टँडर्ड, आयएस ३०४३, आधी वाचा, मग ब्रिटिश पुस्तक. रील बघून अर्थिंग शिकणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. दोन दिवसांत सर्टिफिकेट देणाऱ्यांचे पैसे वाचवा आणि त्यात स्वतःचा आरसीडी टेस्टर (आरसीसीबी तपासणारा) व लूप टेस्टर (फॉल्ट करंटची परतीची वाट मोजणारा) घ्या. ‘आधी पैसे भरा, मग ऑफर लेटर’ म्हणणाऱ्या एजंटाचा फोन ठेवून द्या. मुलाखतीत तुम्ही उलट विचारा, ‘इन्व्हर्टरवर असताना न्यूट्रल कुठे अर्थ होतो?’ समोरच्या चीफ इंजिनिअरने कागद पुढे ओढून चित्र काढलं तर ती नोकरी घ्या, पगार शंभर डॉलर कमी असला तरी.