फळीपासून धनुष्य करताना या चुका टाळा

गेले तीन हिवाळे आम्ही काही मित्र नागपूरजवळ काटोल रस्त्यावरील एका संत्र्याच्या मळ्यात धनुष्यांची घरगुती स्पर्धा भरवत आहोत. नियम थोडेच आहेत. धनुष्य प्रत्येकाने स्वतः केलेले असावे, ते बाजारातून आणलेल्या कठीण लाकडाच्या एकाच फळीतून निघालेले असावे आणि 28 इंच ओढल्यावर त्याचे वजन, म्हणजे ते ओढायला लागणारे बळ, 40 पौंडांच्या पुढे जाऊ नये. वीस मीटरवरून प्रत्येकी बारा बाण सोडायचे आणि हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्याला तर्री-पोहे खाऊ घालायचे, एवढाच व्यवहार. पहिल्या वर्षी मात्र निम्म्याहून अधिक धनुष्ये मळ्यापर्यंत पोहोचलीच नाहीत, कारण ती आधीच घराच्या गच्चीवर किंवा अंगणात मोडली होती. माझे त्यांतलेच एक होते. तुकडे समोर ठेवून पाहिल्यावर लक्षात आले की धनुष्य ज्या क्षणी मोडते, त्या क्षणाचा दोष सहसा नसतोच. दोष कित्येक दिवस आधी, फळी निवडताना किंवा रंधा मारताना घडून गेलेला असतो.

धनुष्य ओढले की लक्ष्याकडील बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडील बाजू, म्हणजे पोट, दाबले जाते. पाठीवरील लाकडाचे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड गेलेले असतील तर ते हा ताण सोसतात. मध्येच तिरपे होऊन कडेला बाहेर पडत असतील तर नेमक्या त्या ठिकाणाहून ढलपी उचलली जाते आणि क्षणार्धात दोन तुकडे होतात. झाडाच्या ओंडक्यापासून धनुष्य करणारा माणूस झाडाच्या वाढीचे एकच वर्तुळ (वाढवलय) पाठीवर अखंड राखून ही अडचण टाळतो. फळी मात्र आरा मशीनवर सरळ चिरलेली असते, आणि आऱ्याला तंतूंची दिशा ठाऊक नसते. म्हणून फळीच्या धनुष्याचे भवितव्य दुकानातच ठरते.

नागपूरच्या लकडगंज या लाकूडबाजारात फळी घ्यायला गेल्यावर बहुतेक जण रंग, गुळगुळीतपणा आणि घनफुटाचा दर पाहतात. खरे तर फळीचा रुंद भाग, दोन्ही कडा आणि दोन्ही टोके अशा सर्व बाजूंनी तंतूंच्या रेषा वाचल्या पाहिजेत. रुंद भागावरील रेषा सरळ दिसल्या म्हणून समाधान मानणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे, कारण तीच फळी आडवी धरून कडेकडून पाहिली तर रेषा खालून वर चढत गेलेल्या आढळतात. भुजेच्या (मुठीपासून टोकापर्यंतच्या वाकणाऱ्या भागाच्या) मधल्या भागात रेषा कडेबाहेर जात असेल तर ती फळी कितीही देखणी असली तरी परत ठेवावी. पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढी गाठही चालत नाही. फळ्यांचा ढीग उपसून पाहू देण्याची विनंती दुकानदाराला संकोच न करता करावी. चाळीस फळ्यांत एखादीच योग्य निघते आणि कधी कधी रिकाम्या हाताने परतावे लागते. सारख्या मापाच्या दोन चांगल्या फळ्या मिळाल्या तर जड असलेली घ्यावी.

लाकडाच्या जातीबाबत आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. विदर्भात सागवान मुबलक आणि नावाजलेले असल्यामुळे ते सर्वच कामांना उत्तम असणार असे गृहीत धरले जाते. साग पावसाळ्यात फुगत नाही, त्याला वाळवी सहसा लागत नाही, म्हणून दारे-खिडक्यांना त्याला तोड नाही. धनुष्याला मात्र वारंवार वाकून पुन्हा सरळ होण्याची क्षमता हवी असते, आणि तो सागाचा मुख्य गुण नव्हे. सागाचेच करायचे असेल तर भुजा रुंद ठेवून पाठीला कापडाचा किंवा जाळीचा आधार चिकटवावा. आपल्या जंगलांतील धामण हे लाकूड या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे आहे. संस्कृतात त्या झाडाला धन्वन म्हणतात आणि त्याच्या कावडी व गाड्यांच्या दांड्याही होत असत. धावडाही चिवट आणि कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी प्रसिद्ध आहे. ही लाकडे फळीच्या रूपात नेहमी मिळतातच असे नाही, आणि मिळत नाहीत म्हणून जंगलातून तोडून आणण्याचा विचारही करू नये. बाहेरून आयात झालेले अ‍ॅश किंवा ओक कधी बाजारात सापडते. रेषा सरळ असतील तर ते निःशंकपणे घ्यावे.

आता नागपूरच्या हवेबद्दल जरा सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण परदेशी माहिती वाचून काम करणारा माणूस येथे हमखास फसतो. धनुष्याच्या लाकडात साधारण नऊ-दहा टक्के ओलावा असावा. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, हवा भट्टीसारखी कोरडी होते आणि उघड्यावर ठेवलेल्या फळीतील ओलावा त्याहून बराच खाली उतरतो. असे लाकूड हलके व कडक लागते, पण ताण आला की काचेसारखे तडकते. माझे पहिले धनुष्य सागाचे होते, मी ते मे महिन्यात गच्चीवर घासत होतो आणि 24 इंचांवर ते मोडले. तेव्हा मी सागाला दोष दिला, पण आज वाटते की अर्धा दोष त्या गच्चीचा होता. याच्या उलट, उन्हाने फळी खराब होईल म्हणून एका मित्राने ती कूलरच्या खोलीत उभी करून ठेवली. कूलरची हवा अंगाला सुखद असली तरी ती पाणी घेऊनच येते, आणि ओलसर लाकडाचे धनुष्य मोडत नाही तर वाकून बसते, म्हणजे दोरी काढल्यावरही सरळ होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हाच प्रकार कूलरशिवायही घडतो. ओलावा मोजण्याचे यंत्र नसले तरी चालते. फळी घराच्या आतील, कूलरपासून दूर असलेल्या खोलीत आडवी ठेवावी आणि दर दोन दिवसांनी सामान तोलण्याच्या काट्यावर तोलून वजन लिहून ठेवावे. आठवडाभर वजन बदलले नाही की लाकूड त्या खोलीच्या हवेशी जुळले असे समजावे. आमच्याकडे भुजा घासून वळण काढण्याचे नाजूक काम करण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला ठरला आहे.

आकाराबाबत हाव धरू नये. 28 इंच ओढायचे असेल तर दोरी अडकवायच्या दोन खाचांमधील अंतर किमान 68 इंच असावे. सहा फुटांची फळी त्याला पुरते. मुठीजवळ भुजेची रुंदी पावणेदोन ते दोन इंच, अर्ध्या भुजेपर्यंत तेवढीच आणि पुढे निमुळती होत टोकाशी चार सूत, म्हणजे अर्धा इंच, हा आराखडा नवशिक्याला क्षमा करणारा आहे. देखणे म्हणून अरुंद आणि आखूड धनुष्य आखणारे बहुधा स्पर्धेच्या दिवशी प्रेक्षक असतात. मुठीसाठी वरून चिकटवलेला ठोकळा सुटण्याचे कारण बहुतेक वेळा गोंद नसतो, तर त्याखालची फळी वाकत असते. मुठीचा भाग अजिबात वाकणार नाही इतका जाड ठेवावा आणि ठोकळ्याची टोके भुजेत हळूहळू उतरवावीत. दोन्ही पृष्ठभाग रंध्याने सपाट करून, इपॉक्सी लावून, शिकंजे बेताने आवळून एक पूर्ण दिवस थांबावे. शिकंजा फार आवळला तर इपॉक्सी सगळी बाहेर येते.

यानंतरचा टप्पा म्हणजे वळण काढणे, ज्याला धनुष्य करणारे सर्वत्र टिलरिंग म्हणतात, आणि सगळ्यात जास्त लाकूड येथेच वाया जाते. त्यामागचे गणित सुताराला सांगितले तर त्यालाही नवल वाटते. भुजेचा कडकपणा रुंदीच्या प्रमाणात बदलतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. दोन इंच रुंद भुजा पावणेदोन इंच केली तर कडकपणा साधारण साडेबारा टक्के घटतो. परंतु सहा सूत जाडीची भुजा पाच सूत केली तर मूळ कडकपणापैकी जेमतेम 58 टक्के उरतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, रंध्याचे मोजके हात. म्हणूनच भुजा वाकू लागल्यानंतर रंधा बाजूला ठेवावा आणि कानस व लाकूड खरवडायची धारदार पाती यांनीच काम करावे. लाकूड नेहमी पोटाकडून काढावे. पाठीला काचपेपरने कडा गोल करण्यापलीकडे हात लावू नये.

आधी धनुष्याचे टोक जमिनीवर टेकवून मूठ हलकेच दाबावी आणि दोन्ही भुजा कशा वाकतात ते पाहावे. मग सैल, लांब दोरी लावून, भिंतीवरील खुंटीवर मूठ ठेवून, कप्पीतून दोर खेचत दुरून निरीक्षण करावे. धनुष्य मोडले तर तुकडे कुठे उडतील हे सांगता येत नाही, म्हणून चष्मा लावावा आणि त्याच्या रेषेत उभे राहू नये. मागील भिंतीवर खडूने आडव्या रेघा मारल्या आणि मोबाइलने छायाचित्र काढले तर डोळ्यांना न दिसणारा दोष चटकन उमगतो. लाकूड काढल्यानंतर लगेच पुढे ओढणे ही अधीर माणसाची चूक आहे. प्रत्येक वेळी घासून झाल्यावर तेवढ्याच अंतरापर्यंत वीस-तीस वेळा सावकाश ओढावे, कारण काढलेल्या लाकडाचा परिणाम तेव्हा कुठे प्रकट होतो.

वजनाचा काटा दोरीला अडकवून एक नियम कधीही मोडू नये: ठरलेल्या वजनापलीकडे धनुष्य कोणत्याही टप्प्यावर ओढायचे नाही. चाळीस पौंडांचे धनुष्य हवे असेल आणि 20 इंचांवरच काटा चाळीस दाखवत असेल तर तिथेच थांबून घासावे, पुन्हा ओढावे, आणि असे करत 28 इंचांपर्यंत पोहोचावे. वाकत नाही म्हणून जोर लावून ओढले तर पोटातील तंतू दाबले जातात आणि ती इजा पुढे भरून येत नाही. शेवटी दोन-तीन पौंड जादा ठेवावेत, कारण काचपेपर आणि पहिले शंभर बाण तेवढे वजन खाऊन टाकतात.

भुजा एकाच ठिकाणी कोपरासारखी वाकू लागली तर घाबरून तिथे हात लावण्याचा मोह होतो. त्या ठिकाणाला स्पर्शही करू नये. त्याच्या दोन्ही बाजूंचे ताठ भाग घासून ते वळणात सामील करून घ्यावेत. टोक एका बाजूला पिळले जात असेल तर ज्या बाजूला ते वळते ती बाजू कमजोर समजावी आणि उलट, ताठ बाजूकडून लाकूड काढावे. मूठ मध्यावर असताना खालची भुजा किंचित ताठ असावी. दोरी चढवल्यावर वरच्या भुजेचे दोरीपासूनचे अंतर खालच्यापेक्षा एक-दोन सूत जास्त असेल तर ते योग्यच आहे, ते सारखे करण्याच्या नादात धनुष्य बिघडवू नये.

काही लक्षणे वेळीच ओळखता आली पाहिजेत. पोटावर आडव्या, केसासारख्या बारीक सुरकुत्या उमटल्या तर तिथले लाकूड दाबून चिरडले गेले आहे. आजूबाजूचे भाग घासून आणि वजन उतरवून धनुष्य काही काळ वाचते, पण त्याच्यावर स्पर्धेची भिस्त ठेवू नये. पाठीवर ढलपी उचलली जात असेल तर ओढणे तात्काळ थांबवावे. ढलपी लहान आणि कडेची असल्यास तिच्याखाली पातळ इपॉक्सी भरून त्यावर दोरा घट्ट गुंडाळावा. मधली असल्यास ते धनुष्य भिंतीवर शोभेल. दोरी काढल्या क्षणी टोके इंच-दीड इंच मागे राहिली तर ते स्वाभाविक आहे, तीन इंच राहिली तर लाकूड ओले होते किंवा भुजा अरुंद होती.

रेषांबद्दल थोडीही शंका असेल तर पाठीला आधार चिकटवणे शहाणपणाचे आहे. लिननचे कापड, किंवा जिप्सम बोर्डाच्या सांध्यांवर लावतात ती फायबर जाळीची टेप, हे सोपे उपाय आहेत. बांबूची सालीकडची बाजू ताण उत्तम सोसते, पण आमच्या एकाच फळीच्या नियमात ती बसत नाही, आणि यावर दरवर्षी वाद होतो.

दोरीसाठी नायलॉन वापरू नये, कारण ती ताणली जाते आणि बाणाला जायची ताकद दोरीतच मुरते. पॉलिस्टरचा पीळदार दोरा घ्यावा. मुळीच न ताणणारी आधुनिक दोरी साध्या लाकडी टोकांवर लावली तर ती खाचेतून लाकूड चिरत जाते. खाच कानशीने 45 अंशांत, कडा गोल ठेवून करावी आणि ती पाठीवर आडवी कापू नये.

वळण पूर्ण झाल्यावर जवसाच्या तेलाचे चार-पाच हात सर्व बाजूंनी द्यावेत. मळ्यावर जाताना धनुष्य बंद गाडीत उन्हात ठेवू नये आणि दोरी चढवलेली ठेवून गप्पा मारत बसू नये. बाणाशिवाय दोरी ओढून सोडण्याचा खेळ तर कोणालाही करू देऊ नये. बाणाला जायची सारी शक्ती भुजांतच परतते आणि गेल्या वर्षी आमचे सर्वांत सुंदर धनुष्य एका पाहुण्याने याच प्रकारे, पहिला बाण सुटण्यापूर्वी, दोन तुकड्यांत आमच्या हाती दिले.