कोथरूड की हिंजवडी? घरांच्या भावांची तुलना करताना या चुका टाळा

पुण्यात कोथरूड आणि हिंजवडी अशा दोन्हीकडे घर पाहणारी कुटुंबे बहुधा प्रति चौरस फूट दर विचारतात आणि त्यावरून निर्णयाला येतात. सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते, कारण दोन्हीकडचा फूट एकाच क्षेत्राचा नसतो. कोथरूडमधील जुन्या सोसायटीच्या करारनाम्यात बहुतेकदा भिंती धरून मोजलेले बिल्टअप क्षेत्र असते, तर हिंजवडीच्या नव्या प्रकल्पात जिना, लॉबी, क्लबहाउस धरून काढलेले सेलेबल क्षेत्र अजूनही तोंडी सांगितले जाते. समजा, कोथरूडमधील एक कोटीची सदनिका 800 फूट बिल्टअप, पण 680 फूट कार्पेट (घरात प्रत्यक्ष वापरता येणारे क्षेत्र) आहे, आणि हिंजवडीतील सत्तर लाखांची सदनिका 950 फूट सेलेबल, पण 700 फूट कार्पेट आहे. सांगितलेल्या क्षेत्रावर कोथरूड सुमारे 70 टक्के महाग दिसते, तर कार्पेटवर हा फरक 47 टक्क्यांवर येतो. रेरा या स्थावर संपदा नियमन कायद्याने नव्या प्रकल्पात कार्पेट क्षेत्र सांगणे बंधनकारक केले आहे. जुन्या घरात मात्र स्वतः टेप लावून मोजावे, त्यात संकोच नको.

जाहिरातीतील किंमत म्हणजे व्यवहाराची किंमत, हे गृहीतही चुकीचे आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) पाहून त्याच इमारतीत प्रत्यक्ष नोंदलेले मोबदले तपासावेत. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला दर मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी असतो. त्यावरून बाजारभाव ठरवू नये.

बांधकाम सुरू असलेल्या घरावर साधारणपणे 5 टक्के जीएसटी लागतो, पुनर्विक्रीच्या घरावर तो लागत नाही. ही रक्कम किमतीत धरली नाही, तर हिंजवडीचे घर आहे त्यापेक्षा स्वस्त वाटते.

कोथरूडच्या बाबतीत लोक इमारतीचे वय पाहतात, पण जमीन कोणाच्या नावावर आहे हे विचारत नाहीत. माझ्या मते जुन्या घराच्या किमतीत हाच प्रश्न सर्वांत मोठा आहे. सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण (जमीन-इमारतीची मालकी सोसायटीकडे देणे) झालेले नसेल, तर पुनर्विकासाच्या आशेने मागितलेला जादा भाव देण्याआधी मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरने ते करून न दिल्यास सरकारी अधिकाऱ्याने करून देण्याचा) आदेश झाला आहे का, आणि पुनर्विकासाचा ठराव सर्वसाधारण सभेत खरोखर मंजूर झाला आहे का, हे इतिवृत्त मागून वाचावे. ‘लवकरच पुनर्विकास होणार’ हे वाक्य कोथरूडमध्ये जवळपास प्रत्येक जिन्यात ऐकू येते.

हिंजवडीत तीच काळजी पाण्याबाबत घ्यावी. अनेक संकुले टँकरवर अवलंबून असतात आणि तो खर्च देखभाल शुल्कात मिसळतो, म्हणून मागील उन्हाळ्यातील टँकरची बिले सोसायटीकडून मागावीत. भाड्याचे उत्पन्न मोजताना दोन्हीकडे देखभाल शुल्क, मालमत्ता कर आणि घर रिकामे राहणारे महिने वजा करावेत. हिंजवडीतील भाडेकरू प्रामुख्याने आयटी कंपन्यांतील असल्याने कार्यालयात येण्याचे नियम बदलले की तेथील मागणीही बदलते.