शेताचं प्लॉटिंग करताय? पुरातत्त्वीय पाहणीतल्या या चुका टाळा

सातबारा कोरा, सर्च रिपोर्ट स्वच्छ, एनएची फाइल हललेली, म्हणजे जमीन मोकळी, असं धरून चालू नका. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा दिसतो, पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची पांढरट माती, दिसत नाही. गोदावरी, प्रवरा, घोड या नद्यांच्या काठी काळ्या रानात मध्येच राखाडी-पांढरट उंचवटा असेल, तर खाली जुनी वस्ती असण्याची शक्यता बरीच. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते, हे बिल्डरला पाठ असतं. त्याबाहेरच्या साध्या शेतात पाहणीची सरसकट सक्ती नाही. ती असायला हवी, असं माझं मत.

उभ्या उसात पाहणी करणं म्हणजे नुसती पायपीट. नांगरट झाल्यावर, एखादा पाऊस पडून खापरं धुऊन निघाली की दोरी लावून ओळीने चाला. लाल पाठीवर काळी नक्षी असलेलं, टिचकी मारली की खणखणणारं जोर्वे खापर (ताम्रपाषाण काळातलं) सगळेच उचलतात. साधी जाडीभरडी खापरं, हाडं, गारगोटीची बारीक पाती तिथेच राहतात, आणि वस्ती नेमकी कुठवर होती ते त्यांच्यावरूनच कळतं.

खापरं भरपूर मिळाली म्हणून वस्ती तिथेच होती असंही नाही. पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात टाकायची जुनी रीत आहे, तिच्यासोबत खापरंही येतात. म्हाताऱ्या माणसांना विचारा, माती कुठून आणली ते सांगतील. शिवाय काळ्या मातीला उन्हाळ्यात खोल भेगा पडतात. परवाची काचेची बांगडीही हातभर खाली जाऊन बसते, तेव्हा एकट्यादुकट्या वस्तूच्या खोलीवरून काळ ठरवू नका.

सगळ्यात महागात पडते ती जेसीबीची घाई. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 दरम्यान पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला खोदलं, तेव्हा घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं निघाली: दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. दातरी बकेटच्या एका घासात असं दफन संपतं. चाचणी चर परवानगी असलेल्या तज्ज्ञांकडूनच घ्या, सपाट धारेची बकेट लावून. नांगरटीचा थर निघाला की मशीन बाजूला, पुढे खुरपं आणि ब्रश.

काही सापडलं तर जमीन जाईल या भीतीने लोक गप्प बसतात. भीती समजते, पण 1878 च्या कायद्याने 10 रुपयांहून अधिक किमतीचं पुरलेलं धन मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. तोवर वस्तू जागची हलवू नका, लोकेशनसह फोटो घ्या. आणि तांब्याचं नाणं चिंचेने घासून लखलखीत करू नका. हिरव्या थराबरोबर अक्षरंही जातात.