घरासाठी छोटी पवनचक्की: वॅट नंतर, मीटर आधी

छोट्या पवनचक्कीच्या जाहिरातीत वॅटचा आकडा सगळ्यात ठळक असतो. तो बाजूला ठेवा आणि पाती फिरतात त्या वर्तुळाचा व्यास विचारा. फुटांत सांगितला तर ०.३०४८ ने गुणून मीटर करा. वाऱ्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये दिला असेल तर ३.६ ने भागा, म्हणजे सेकंदाला किती मीटर ते कळतं. मग हे गणित मांडा:

वाऱ्यातली शक्ती (वॅट) = ०.५ × हवेची घनता × वर्तुळाचं क्षेत्रफळ × वेगाचा घन

आपल्या उष्ण हवेची घनता घनमीटरला १.१५ किलो धरा. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीसारख्या उंच पठारावर ती सुमारे दहा टक्के कमी भरते.

समजा, १.२ मीटर व्यासाची चक्की सेकंदाला १२ मीटर वाऱ्यात १ किलोवॅट देते असा दावा आहे. क्षेत्रफळ १.१३ चौरस मीटर, म्हणजे त्या वाऱ्यातच जेमतेम १,१२० वॅट आहेत. कुठलीही चक्की यातले ५९.३ टक्क्यांहून जास्त घेऊच शकत नाही, म्हणजे ६६५ वॅट. छोट्या चक्क्या प्रत्यक्षात २५-३० टक्क्यांवरच राहतात. दावा खोटा आहे, तिथेच थांबा.

शिवाय १२ मीटर म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. असा वारा रोज कुठे असतो? वेग निम्मा झाला की शक्ती आठपट घटते. म्हणून विक्रेत्याकडून वर्षाच्या सरासरी ५ मीटर वेगाला वर्षभरात किती युनिट मिळतील, तेच लिहून घ्या. चांगली २ मीटर व्यासाची चक्की अशा जागी दिवसाला साधारण दोन युनिट देते. सरासरी ४ मीटर असेल तर त्याच्या निम्मंच. महाराष्ट्रात वारा मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये मिळतो, हिवाळ्यात पडतो. तेव्हा सोबत सोलर पॅनेल हवंच.

गच्चीवर चक्की बसवू नका. कठड्यावरून येणारा वारा भोवरे घेत येतो, उत्पादन पडतं आणि थरथर स्लॅबमध्ये उतरते. वेगळा खांब उभारा: १५० मीटरच्या आतल्या सर्वांत उंच झाडापेक्षा किंवा इमारतीपेक्षा पात्यांचं खालचं टोक ९ मीटर वर हवं. झाडं वाढतात, तेही धरा.

केबलमध्ये बरेच जण फसतात. खांबापासून बॅटरी ३० मीटरवर, ५०० वॅट, २४ व्होल्ट, म्हणजे २१ अँपिअर. ६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेत जाऊन-येऊन ६० मीटरला साडेतीन व्होल्टहून जास्त गळतात, पंधरा टक्के. तीच तार ४८ व्होल्टला चार टक्क्यांच्या आत राहते. ४८ व्होल्टचीच घ्या.

बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर सोलरचा चालणार नाही. बॅटरी भरल्यावर तो नुसता जोड तोडतो, चक्कीवरचा भार जातो आणि जोराच्या वाऱ्यात पाती बेफाम फिरून तुटतात. जास्तीची वीज हीटरसारख्या रेझिस्टरमध्ये जाळणारा पवनचक्कीचाच कंट्रोलर घ्या, आणि ब्रेकचा स्विच खांबाच्या बुंध्याशी हाताला येईल असा ठेवा.