बाँडची किंमत, ईपीएस आणि आईची भिशी

दहावीपर्यंत खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकले, पीयूसीला (अकरावी-बारावीला) कॉमर्स घेऊन बेळगावात आले. पुस्तकं इंग्रजी, शेजारची मैत्रीण कन्नड. ती व्याजाला ‘बड्डी’ म्हणायची. बी.कॉम.ला बाँडची, म्हणजे कर्जरोख्यांची, गणितं आली तेव्हा मात्र आम्ही दोघी एकाच जागी अडलो. प्रश्नात दर दोन. कुठला कुठे लावायचा?

दर्शनी किंमत १,००० रुपये, कूपन (रोख्यावर ठरलेलं व्याज) ८ टक्के, मुदत ५ वर्षं, बाजारदर (बाजारातला व्याजदर) १० टक्के. आजची किंमत काढा. मी पुढे येणारे सगळे पैसे ८ टक्क्यांनीच मागे आणायचे, म्हणजे त्यांची आजची किंमत काढायचे, आणि उत्तर दर वेळी नेमकं १,००० यायचं. तुमचंही तसं आलं, तर हीच चूक झाली आहे असं समजा.

गाठ सुटली ती आईच्या लिलावाच्या भिशीमुळे. वीस बायका, प्रत्येकीचे हजार. जिला निकड असते ती वीसऐवजी सतरा हजारांवर भिशी उचलते. आजच्या पैशासाठी किती सोडायचं, हे गल्लीतल्या बायका कागदाशिवाय ठरवतात. बाँडमध्ये ते काम बाजारदर करतो. कूपनचा दर फक्त दर वर्षी ८० रुपये येणार एवढंच सांगतो, पुढे त्याला विसरा. १० टक्के दराने पाच वर्षं दर वर्षी येणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत ३.७९०८, आणि पाच वर्षांनी एकदाच येणाऱ्या रुपयाची ०.६२०९२. म्हणून ८० गुणिले ३.७९०८ म्हणजे ३०३.२६, हजार गुणिले ०.६२०९२ म्हणजे ६२०.९२. किंमत ९२४.१८ रुपये.

आकडेमोडीआधी वहीत आडवी रेघ ओढून त्यावर वर्षं मांडा, खाली त्या त्या वर्षी येणारे पैसे लिहा. व्याज सहामाही असेल (आपल्या सरकारी रोख्यांचं बहुतेक तसंच असतं) तर रेघेवर दहा खुणा, प्रत्येकीखाली ४० रुपये, दर ५ टक्के. किंमत ९२२.७८ येते.

बाँड काढणाऱ्या कंपनीच्या हिशेबात नोंद करताना व्याजाचा खर्च ८० धरू नका. पहिल्या वार्षिक उदाहरणात तो ९२४.१८ च्या १० टक्के, म्हणजे ९२.४२ आहे. रोख ८० गेले, उरलेले १२.४२ देण्यात वाढले. वर्षाअखेर देणं ९३६.६०. असं चढत चढत पाचव्या वर्षी ते हजाराला पोहोचतं. मला या प्रकरणातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते.

ईपीएसमध्ये, म्हणजे एका इक्विटी शेअरमागे किती नफा पडतो ते काढताना, गुण जातात ते महिन्यांवर. करोत्तर नफा १४ लाख, प्रेफरन्स लाभांश (प्रेफरन्स शेअरवाल्यांना आधी द्यायचा, म्हणून नफ्यातून वजा) १ लाख. एप्रिलच्या सुरुवातीला इक्विटी शेअर १ लाख, १ ऑक्टोबरला ६० हजार नवे रोखीने काढले. नवे शेअर सहाच महिने होते, म्हणून ते ३० हजार धरायचे. १३ लाख भागिले १ लाख ३० हजार, ईपीएस १० रुपये. सरसकट १ लाख ६० हजारांनी भागलं तर ८.१३ येतं आणि ते चूक. बोनस शेअरना (जुन्या भागधारकांना फुकट मिळणाऱ्या) मात्र महिने लावू नका. त्यातून कंपनीकडे नवा पैसा येत नाही, म्हणून ते वर्षाच्या सुरुवातीपासूनच होते असं धरतात. तुलनेसाठी दिलेल्या मागच्या वर्षाचा ईपीएसही त्याच हिशेबाने पुन्हा काढावा लागतो.